प्रथिनांचे सूक्ष्मकण आणि कर्करोगावरील उपचार : एक परिचय



आपल्या वार्षिक अहवालात जमाखर्चाच्या पत्रकांबरोबर एखाद्या वैद्यकीय विषयाची ओळख करून देणारा लेख छापण्याचा प्रघात आहे. हे लेखन सहसा डॉक्टर मंडळी करतात. यंदा ते काम प्रशासन विभागाकडे, म्हणजे माझ्याकडे आले, त्यास एक कारण घडले.

निर्धन रुग्ण निधीसाठी देणगीचे आवाहन करणारे एक पत्रक मी अहवाल वर्षात तयार केले होते. त्यात असे वाक्य होते : “नॅनो तंत्रज्ञानामुळे आता निरोगी पेशींना धक्काही न लावता केवळ कर्करोगाच्या पेशींवर मारा करणारे रामबाण औषध उपलब्ध झाले आहे.” पत्रक छापावयास जाण्यापूर्वी आमच्या कर्करोगतज्ज्ञांनी ते वाक्य लाल शाईने खोडले आणि समासात ‘हे असे नाही’ एवढेच लिहिले. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. ताळेबंदात एका रुपयाचा फरक निघाला तर तो सापडेपर्यंत घरी न जाणारा. औषधाविषयीचे वाक्य मात्र मी कोणताही ताळा न घेता लिहिले होते. त्या चुकीची भरपाई म्हणून हा विषय मी डॉक्टरांकडून समजावून घेतला. प्रस्तुत लेख हे त्याचेच फलित होय.

मूळ औषध : एका झाडाची साल

ज्या औषधाभोवती हा विषय फिरतो त्याचे नाव पॅक्लिटॅक्सेल. १९६२ साली अमेरिकेच्या वायव्य भागातील जंगलातून पॅसिफिक यू नावाच्या संथ वाढणाऱ्या सदाहरित वृक्षाची साल, वनस्पतींतील कर्करोगविरोधी द्रव्ये शोधण्याच्या सरकारी कार्यक्रमांतर्गत गोळा करण्यात आली. त्या सालीतून हे द्रव्य वेगळे काढून त्याची रासायनिक रचना डॉ. मन्रो वॉल आणि डॉ. मनसुख वाणी यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केली. यांपैकी डॉ. वाणी यांचा जन्म १९२५ साली आपल्या नंदुरबारचा. मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्राच्या पदव्या घेऊन ते पुढे अमेरिकेत गेले आणि नॉर्थ कॅरोलायनातील संशोधन संस्थेत त्यांनी आयुष्य वेचले. २०२० मध्ये त्यांचे निधन झाले. जगभरातील असंख्य कर्करुग्णांच्या शिरांतून जाणाऱ्या या औषधाच्या शोधात खानदेशच्या एका सुपुत्राचा वाटा आहे, ही गोष्ट आपल्याकडे अजून पुरेशी ठाऊक नाही.

पॅक्लिटॅक्सेलचे कार्य कसे चालते, हे डॉ. सुसान हॉर्विट्झ यांनी १९७९ मध्ये दाखवून दिले. पेशीचे विभाजन होताना तिच्या आत सूक्ष्म नलिकांची एक तात्पुरती परांची उभारली जाते व काम होताच ती उतरविली जाते. पॅक्लिटॅक्सेल या परांचीला घट्ट जखडून टाकते. ती उतरत नाही, विभाजन अडते आणि पेशी मरते. कर्करोगाच्या पेशी सतत विभागत असल्याने त्यांना हा फटका अधिक बसतो. परंतु केसांची मुळे आणि रक्त तयार करणारी अस्थिमज्जा यांतील पेशीही झपाट्याने विभागतात. म्हणून केस गळतात व पांढऱ्या पेशी कमी होतात. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचा संदर्भ येणार आहे.

अडचण औषधाची नव्हे, वाहनाची

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९२ मध्ये अंडाशयाच्या कर्करोगासाठी पॅक्लिटॅक्सेलला मान्यता दिली व १९९४ मध्ये स्तनाच्या कर्करोगासाठी. मात्र हे द्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि जे पाण्यात विरघळत नाही ते शिरेतून देता येत नाही. यावर उपाय म्हणून ते अल्कोहोल आणि एरंडेल तेलापासून तयार केलेले क्रेमोफोर नावाचे द्रावक यांच्या मिश्रणात विरघळविण्यात आले. औषध शरीरात गेले, पण त्याच्या सोबत वाहनही गेले आणि त्या वाहनाने स्वतःचे उपद्रव निर्माण केले.

काही रुग्णांना या द्रावकाची तीव्र ॲलर्जी होते. छाती भरून येते, धाप लागते, अंग लाल होते, रक्तदाब खाली जातो. ते टाळण्यासाठी आधी स्टेरॉइड व ॲलर्जीविरोधी औषधे द्यावी लागतात. तीन आठवड्यांतून एकदा द्यावयाचा डोस साधारणतः तीन तास चालतो. नेहमीच्या सलाईनच्या नळ्यांतील प्लॅस्टिकमधून हे द्रावक रसायने ओढून घेते, म्हणून नळ्याही वेगळ्या लागतात. आमच्या डे-केअर विभागातील सिस्टर पहिल्या डोसच्या सुरुवातीची मिनिटे रुग्णाच्या खाटेपासून का हलत नाहीत, हे मला इतक्या वर्षांनी प्रथमच नीट समजले.

अल्ब्युमिन : रक्तातील भारवाहक

या अडचणीवर जो तोडगा निघाला, तो आपल्याच रक्तात होता. अल्ब्युमिन हे आपले यकृत तयार करीत असलेले प्रथिन होय. दर शंभर मिलिलिटर रक्तद्रवात ते साडेतीन ते पाच ग्रॅम असते आणि रक्तद्रवातील प्रथिनांत त्याचाच वाटा सर्वांत मोठा. स्निग्धाम्ले, बिलिरुबिन, काही संप्रेरके आणि पुष्कळशी औषधे, अशी पाण्यात सहजी न मिसळणारी द्रव्ये अंगावर घेऊन ती शरीरभर पोहोचविणे हे त्याच्या कामांपैकी एक. बाजारपेठेतील हमालाने ज्याचा माल त्याच्या दारी न्यावा, तद्वत.

पॅक्लिटॅक्सेलचा भार याच हमालाच्या खांद्यावर द्यावा, अशी ही कल्पना आहे. कारखान्यात मानवी अल्ब्युमिन आणि पॅक्लिटॅक्सेल यांचे मिश्रण प्रचंड दाबाखाली अरुंद फटीतून ढकलले जाते. त्यातून सुमारे १३० नॅनोमीटर व्यासाचे कण तयार होतात. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. रक्तातील एका तांबड्या पेशीच्या व्यासावर असे पन्नासाहून अधिक कण ओळीने बसतील. नंतर हे मिश्रण सुकवून त्याची भुकटी कुपीत भरली जाते. एका कुपीत १०० मिलिग्रॅम पॅक्लिटॅक्सेल असते आणि त्याला वाहून नेणारे अल्ब्युमिन असते सुमारे ९०० मिलिग्रॅम. एक भाग माल आणि नऊ भाग वाहन!

एके दिवशी परवानगी घेऊन मी हे औषध तयार होताना पाहिले. फेस येऊ नये म्हणून सिस्टरांनी सलाईन कुपीच्या आतील भिंतीवरून, घाई न करता, मिनिटभर सोडले. मग कुपी पाच मिनिटे तशीच ठेवली आणि त्यानंतर ती हळुवार फिरविली. पातळ दुधासारखे एकजीव मिश्रण तयार झाले. ते अर्ध्या तासात रुग्णाच्या शिरेतून गेले. एरंडेलजन्य द्रावक नसल्याने सर्वसाधारणपणे आधी स्टेरॉइड देण्याची गरज पडत नाही आणि वेगळ्या नळ्याही लागत नाहीत.

या औषधास नॅब-पॅक्लिटॅक्सेल म्हणतात. अमेरिकेत त्याला जानेवारी २००५ मध्ये पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगासाठी, २०१२ मध्ये फुप्फुसाच्या आणि २०१३ मध्ये स्वादुपिंडाच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली. त्यातील अल्ब्युमिन माणसाच्या रक्तद्रवापासून मिळविलेले असते. संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी ही बाब रुग्णास सांगितली गेली पाहिजे, कारण काही कुटुंबांना ती महत्त्वाची वाटू शकते. मला स्वतःला मात्र त्यात एक समाधान वाटले. कोणा अनामिक माणसाच्या रक्ताचा अंश दुसऱ्या अनामिक माणसाच्या औषधाचे वाहन होतो.

कण गाठीपर्यंत कसा पोहोचतो?

माझे खोडलेले वाक्य नेमके या प्रश्नाशी संबंधित होते. कर्करोगाची गाठ वाढू लागली की ती स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या घाईघाईने उभारते. घाईच्या बांधकामात फटी राहतात, तशा या वाहिन्यांच्या भिंतींतही राहतात. निरोगी वाहिन्यांतून बाहेर न पडणारे मोठे रेणू व सूक्ष्मकण या फटींतून गाठीत शिरतात आणि गाठीतील निचऱ्याची व्यवस्था बिघडलेली असल्याने तेथेच रेंगाळतात. जपानमधील मात्सुमुरा आणि माएदा या संशोधकांनी हे १९८६ मध्ये मांडले. याशिवाय, वाहिन्यांच्या आतील अस्तरात अल्ब्युमिनला ओळखून पलीकडे पोहोचविणारी यंत्रणा असते. काही कर्करोगांच्या पेशी तर आपली भूक भागविण्यासाठी सभोवतालची प्रथिने गिळतात. स्वादुपिंडाच्या कर्करोगाबाबत हे २०१३ मध्ये प्रयोगांतून दिसून आले. वाहन म्हणून अल्ब्युमिनची निवड का झाली, हे यावरून कळेल.

येथवरचे वाचून ‘मग रामबाण म्हणावयास काय हरकत आहे?’ असे कोणासही वाटेल. मलाही वाटले होते. त्यावर डॉक्टरांनी तीन गोष्टी सांगितल्या.

पहिली, हे कण रक्तात मिसळल्यावर फार काळ कण म्हणून राहत नाहीत. लवकरच ते सुटे होतात व औषध अल्ब्युमिनच्या रेणूंसोबत सर्व शरीरभर फिरते. म्हणूनच केस या औषधानेही गळतात आणि पांढऱ्या पेशी याही औषधाने कमी होतात.

दुसरी, गाठीतील स्पार्क नावाचे एक प्रथिन अल्ब्युमिनला खेचून घेते, म्हणून हे औषध प्रभावी ठरते, असे काही वर्षे मानले जात होते. स्वादुपिंडाच्या मोठ्या चाचणीतील रुग्णांच्या नमुन्यांवरून २०१५ मध्ये पडताळा घेतला असता, स्पार्कच्या प्रमाणावरून औषधाचा गुण येईल की नाही हे सांगता येत नाही, असे आढळले. शास्त्रात सुंदर कल्पनेलाही लेखापरीक्षण चुकत नाही.

तिसरी गोष्ट माझ्यासारख्या हिशेबनिसाच्या मनात घर करून राहिली. नाना प्रकारच्या नॅनोकणांवर प्राण्यांत झालेल्या दहा वर्षांतील प्रयोगांचा आढावा टोरांटोच्या संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. टोचलेल्या मात्रेपैकी गाठीपर्यंत पोहोचलेला भाग मध्यमानाने ०.७ टक्के निघाला. शंभर रुपयांची मनीऑर्डर करावी आणि घरी सत्तर पैसे पोहोचावेत, असा हा प्रकार. हे आकडे सर्व प्रकारच्या कणांचे व प्राण्यांचे आहेत, माणसांतील नॅब-पॅक्लिटॅक्सेलचे नाहीत. तरीही ‘केवळ कर्करोगाच्या पेशींवर मारा’ हे शब्द किती सांभाळून वापरावेत, हे त्यावरून उमगते.

चाचण्यांचा ताळेबंद

प्रत्यक्ष रुग्णांवरील चाचण्यांतून काय निष्पन्न झाले, ते आता पाहू.

पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगावरील, २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ४५४ रुग्णांना औषध देण्यात आले. नव्या औषधाने ३३ टक्के रुग्णांत गाठी लक्षणीय प्रमाणात आटल्या, जुन्याने १९ टक्क्यांत. रोग पुन्हा वाढण्यास नव्या औषधावर मध्यमानाने २३ आठवडे लागले, जुन्यावर सुमारे १७. पांढऱ्या पेशी अतिशय खालावण्याचे प्रमाण नव्या औषधात ९ टक्के व जुन्यात २२ टक्के होते. ही झाली जमेची बाजू. खर्चाच्या बाजूस, हातापायांना तीव्र मुंग्या व बधिरपणा येण्याचे प्रमाण नव्यात १० टक्के तर जुन्यात २ टक्के होते. शिवाय दोन्ही गटांना दिलेली मात्रा सारखी नव्हती. नवे वाहन अधिक मात्रा सोसू शकत असल्याने नव्या औषधाचा डोस मोठा होता. तेव्हा लाभ कणांचा किती आणि वाढीव मात्रेचा किती, हा प्रश्न उरतोच.

स्वादुपिंडाच्या पसरलेल्या कर्करोगात ८६१ रुग्णांची चाचणी झाली आणि तिचा निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. केवळ जेमसिटाबिन हे औषध घेणाऱ्यांचे आयुर्मान मध्यमानाने ६.७ महिने होते. त्याच्या जोडीला नॅब-पॅक्लिटॅक्सेल घेणाऱ्यांचे ८.५ महिने. वर्षभरानंतर पहिल्या गटातील २२ टक्के रुग्ण हयात होते, दुसऱ्या गटातील ३५ टक्के. या दुर्धर रोगात ही प्रगती लहान म्हणता येणार नाही. पण ‘बरे होतील ना?’ असे विचारणाऱ्या नातेवाइकांसमोर हे आकडे ठेवताना डॉक्टरांचा आवाज का खाली येतो, तेही त्यांतच आहे.

सर्वांत बोधप्रद चाचणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. जुने पॅक्लिटॅक्सेल तीन आठवड्यांऐवजी दर आठवड्याला लहान मात्रेत देण्याची पद्धत तोवर रूढ झाली होती. पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगाच्या ७९९ रुग्णांत या साप्ताहिक पद्धतीची नॅब-पॅक्लिटॅक्सेलशी व आणखी एका औषधाशी तुलना केली गेली. रोग आटोक्यात राहण्याचा काळ जुन्या औषधाने ११ महिने निघाला, नॅब-पॅक्लिटॅक्सेलने ९.३ महिने. नवे सरस ठरले नाही आणि त्याचे दुष्परिणामही अधिक होते. उलट, शस्त्रक्रियेपूर्वी द्यावयाच्या उपचारात जर्मनीतील १,२०६ रुग्णांच्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नव्या औषधाने ३८ टक्के रुग्णांत रोगाचा मागमूस उरला नाही, जुन्याने २९ टक्क्यांत. म्हणजे कोणता रोग, कोणता टप्पा आणि किती मात्रा, यांवर उत्तर अवलंबून आहे. औषधाच्या नावावर ते अवलंबून नाही.

दोन रुग्ण, एक निधी

धर्मादाय रुग्णालयांसाठी मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार २००६ पासून लागू झालेल्या योजनेप्रमाणे, ढोबळ बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा केली जाते. आपल्या देणग्या त्यात भर घालतात. भारतीय कंपन्या उत्पादन करू लागल्यापासून नॅब-पॅक्लिटॅक्सेल पूर्वीइतके आवाक्याबाहेर राहिलेले नाही, तरी ते जुन्या औषधापेक्षा महागच आहे. त्यामुळे हा निधी कोणासाठी वापरावा, हा प्रश्न समितीपुढे वारंवार येतो.

अहवाल वर्षात एक तरुण शेतकरी माझ्या कार्यालयात आला. त्याच्या आईस स्तनाचा कर्करोग होता व तो हाडांत पसरला होता. हातात वर्तमानपत्राचे कात्रण आणि शेताचा सातबारा. “साहेब, जमीन गेली तरी चालेल, पण आईला गरिबांचं औषध नको, ते नॅनोचं द्या,” असे तो म्हणाला. मी त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेलो. त्याच्या आईस दर आठवड्याला जुने पॅक्लिटॅक्सेल चालू होते, ते तिला उत्तम सोसत होते आणि तपासण्यांत रोग मागे हटताना दिसत होता. औषध बदलण्याचे काहीच कारण नव्हते. डॉक्टरांनी वरील चाचणीचे आकडे त्याला मराठीत कागदावर लिहून दिले. तो बराच वेळ कागद पाहत बसला आणि मग सातबारा घडी करून त्याने खिशात ठेवला. त्याच्या हातातील कात्रणाचे शब्द मी वाचले. माझ्या पत्रकातील खोडलेले वाक्य आणि ते यांत नावालाच फरक होता. माझे पत्रक छापले गेले असते तर ते कोणाच्या हाती पडून कोणाची जमीन विकली गेली असती, हा विचार अजूनही मनातून जात नाही.

त्याच सुमारास दुसऱ्या एका भगिनीस जुन्या औषधाचा पहिला डोस सुरू होऊन काही मिनिटे होतात न होतात तोच धाप लागली आणि रक्तदाब कोसळला. सिस्टरांनी तत्काळ सलाईन बंद केले म्हणून प्रसंग निभावला. त्यांच्यासाठी एरंडेलजन्य द्रावक नसलेले औषध ही चैन नव्हती. समितीने त्याच दिवशी निधीतून नॅब-पॅक्लिटॅक्सेलला मंजुरी दिली. पुढील डोस त्यांनी त्रास न होता घेतले आणि हा लेख लिहीपर्यंत त्यांचे उपचार सुरू आहेत.

एकीला महाग औषध नाकारले आणि दुसरीला दिले, यात पक्षपात नाही. दोघींनाही त्यांच्या गरजेचे औषध मिळाले.

पुढील वाट आणि नातेवाइकांस विनंती

संशोधन थांबलेले नाही. अल्ब्युमिनच्याच कणांवर बसविलेले सिरोलिमस हे औषध २०२१ मध्ये अमेरिकेत एका दुर्मीळ अर्बुदासाठी मान्य झाले. फेरिटिन या लोह साठविणाऱ्या प्रथिनाची पोकळ गोळी अवघी १२ नॅनोमीटरची असते. अनेक कर्करोगांच्या पेशींवर ज्या ग्राहकाचे प्रमाण अधिक असते, त्यास ती चिकटते. तिच्या पोकळीत औषध भरून पाठविण्याचे प्रयोग प्रयोगशाळांत चालू आहेत. पेशी ओळखून तिच्यापर्यंत जाणारा कण हे ध्येय योग्यच आहे. ते गाठले गेल्याचे जाहीर करण्याची घाई आपण करू नये, इतकेच.

रुग्णांच्या आप्तांनी नव्या औषधाविषयी ऐकले तर संकोच न करता डॉक्टरांना चार प्रश्न विचारावेत : आमच्या रुग्णाच्या रोगात व टप्प्यात या औषधाचा लाभ सिद्ध झाला आहे काय? लाभ किती, आठवड्यांचा की वर्षांचा? नवे दुष्परिणाम कोणते? आणि सध्याचे औषध चालत असेल तर ते का बदलावे? उत्तरे मिळण्यापूर्वी दागिने व जमीन यांना हात लावू नये. पैशाची अडचण असल्यास आमच्या वैद्यकीय समाजसेवकांस अवश्य भेटावे.

देणगीदारांस एवढेच निवेदन की आपला रुपया सर्वांत नव्या औषधावर खर्च होईलच असे नाही. तो गरजेच्या औषधावर खर्च होईल. आवाहनाचे पत्रक अखेर छापले गेले. त्यातील सुधारित वाक्य असे आहे : “काही रुग्णांना नेहमीचे औषध सोसत नाही. त्यांच्यासाठी प्रथिनांच्या सूक्ष्मकणांतून तेच औषध देता येते, पण ते महाग आहे. अशा रुग्णांसाठी आपले साहाय्य हवे आहे.” या वाक्यावर डॉक्टरांनी लाल शाई वापरली नाही.



आपला विनम्र,
प्रशासकीय अधिकारी